हद्दपूरचं राष्ट्रीय पेय

ही गोष्ट सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं आहे. टाळलं म्हणजे विषय निघाला नाही असं नाही. जुन्या कॉलनीतलं कोणी लग्नाकार्यात भेटलं की तो निघतोच. ‘काका, ते तुमचं पेय आणि मास्तरांचं ते सोंग,’ असं म्हणून लोक हसतात. मीही हसतो आणि जेवायला काय आहे ते बघू म्हणून तिथून सटकतो. मास्तरांनी दारू चढल्याचं सोंग केलं, असं सगळे आजही धरून चालतात. ते सोंग नव्हतं. हे तेव्हा तीन माणसांना ठाऊक होतं: खुद्द मास्तरांना, मला आणि माझ्या बायकोला. मास्तरांचं कोणी ऐकलं नाही, बायकोला मी गप्प केलं, आणि मी स्वतः बोललो नाही. आता बोलतो.

पण एकदम तिथे गेलो तर तेही खोटंच होईल, कारण ते दिवस फार मजेचे होते. इतके, की आज लिहायला बसलो तरी पहिल्यांदा मजाच आठवते.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. आमची कॉलनी नाशिकच्या कडेला होती. तिथे द्राक्षबागा संपत आणि कारखान्यांचे पत्रे सुरू होत. शहराची हद्द आमच्या पुढच्या कुंपणाशी येऊन थांबायची, गावाची हद्द मागच्या ओढ्याशी. मधल्या तुकड्यात आमच्या दोन इमारती. नळ मागायला शहराकडे गेलं की ते म्हणत, तुम्ही गावात येता. गावाकडे गेलं की ते म्हणत, तुम्ही फ्लॅटवाले, तुमचं आमचं काय. पाणी टँकरने यायचं आणि सगळी कॉलनी बादल्या घेऊन खाली उतरायची. आमची खरी ओळख त्या रांगेतच झाली.

आमचे चेअरमन देवळाली कॅम्पातून तोफखान्यातले सुभेदार म्हणून निवृत्त झालेले होते. एकदा आमचा नळाचा अर्ज शहराकडून ‘हद्दीबाहेर’ असा शेरा घेऊन परत आला. सुभेदारांनी सभेत तो मोठ्याने वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “शहर घेत नाही, गाव घेत नाही. मग आपण स्वतंत्र झालो की.”

लोक हसले. दुसऱ्या दिवशी फाटकावर कोणीतरी खडूने ‘हद्दपूर’ असं लिहिलं. आठवड्याभरात खाती वाटून झाली. सुभेदार राष्ट्रपती. मी सातपूरच्या एका औषधाच्या कारखान्यात सिरपच्या विभागात सुपरवायझर होतो, म्हणून आरोग्यमंत्री. पोस्टात काउंटरवर बसणाऱ्या ताई परराष्ट्रमंत्री, कारण बाहेरच्या जगाशी रोजचा व्यवहार त्यांचाच. राष्ट्रीय फूल घाणेरी, कारण ओढ्याकाठी दुसरं काही उगवतच नव्हतं. राष्ट्रीय प्राण्याबद्दल बायकांनी लिहू नका म्हणून सांगितलं आहे.

झेंडा काढला तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांनी. ते शाळेत चित्रकला शिकवायचे. चाळिशी उलटलेली, लग्न झालेलं नाही. आईचं आजारपण काढता काढता ती वर्षं निघून गेली होती, आणि आई गेल्यावर तो विषय काढणारंही घरात कोणी उरलं नव्हतं. बोलणं इतकं हळू, की दुकानदार त्यांना दोनदा विचारायचा. झेंड्यावर त्यांनी टँकर काढला होता, खाली निळी रेघ. मग आपणहून हद्दपूरची पोस्टाची तिकिटंही काढली, नखाएवढ्या बारीक कामाची, आणि ती नेऊन ताईंना दिली. ताई म्हणाल्या, “मास्तर, कचेरीचा शिक्का यावर मारता येणार नाही, माझी नोकरी जाईल.” आणि आपला अंगठा शाईत बुडवून त्यांनी तिकिटावर उठवला. मास्तर ते तिकीट घेऊन जिना चढले तेव्हा मी बादल्या घेऊन मागे होतो. ते एक मजला जास्त चढून गेले आणि परत उतरले.

ताईंचे यजमान काही वर्षांपूर्वी अपघातात गेले होते. त्या सासऱ्यांजवळ राहायच्या. सासऱ्यांना सगळी कॉलनी आजोबा म्हणायची. सुनेला त्यांनी मुलीसारखं सांभाळलं होतं, तिची नोकरी टिकवली होती. माणूस कडक. चहासुद्धा घेत नसत, दारूचं तर नाव नाही.

कॉलनीची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. घेतलेल्या माणसाचं बोलणं आमच्याकडे धरत नसत. सुभेदारांकडे मिलिटरी कॅन्टीनची रम असायची. महिन्यातून एखाद्या संध्याकाळी ते अंगणात उभे राहून तळमजल्यावरच्या शेजाऱ्याला सांगायचे, की तुझी स्कूटर वाटेत बसलेल्या म्हशीसारखी आहे आणि तूही तसाच आहेस. सकाळी दोघं एकाच कट्ट्यावर चहा प्यायचे. “घेतली होती,” एवढं म्हटलं की हिशेब मिटला. ज्याच्या मनात जे साठलेलं असेल ते त्या आडोशाने बाहेर यायचं आणि कोणाचं काही बिघडायचं नाही.

अर्ज परत आला त्या दिवसाला वर्ष होत आलं, तेव्हा स्वातंत्र्यदिन साजरा करायचं ठरलं. फेब्रुवारी होता, द्राक्षाचा हंगाम. सभेत सुभेदार म्हणाले, “देश आहे, झेंडा आहे, पेय कुठाय? मेसमध्ये मोठ्या दिवशी साहेब लोकांसाठी खास कॉकटेल बनायचं. आपलं नॅशनल कॉकटेल पाहिजे.”

“कॉकटेल म्हणजे काय?” आजोबांनी विचारलं.

“मिसळ. फक्त पिण्याची.”

“मग दारू असणार त्यात.”

“आजोबा, दारू नसली तर त्याला सरबत म्हणतात.”

“मग सरबत करा. गच्चीवर दारू चालणार नाही, नियमात आहे. आणि एकानं एक प्यायचं, दुसऱ्यानं दुसरं, असं नाही. देश एक तर पातेलं एक.”

सुभेदार म्हणाले, “सरबत पिऊन सलामी देणार नाही मी.”

ताई हसून म्हणाल्या, “आरोग्यमंत्र्यांना विचारा. रोज हजार लोकांना पाजतात ते.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि माझ्या अंगात काहीतरी संचारलं. मी म्हणालो, “एक पातेलं. सुभेदारांना चढेल आणि आजोबांना चालेल. आत काय आहे ते कोणी विचारायचं नाही.”

हे मी नुसतं बोललो नव्हतो. सिरपच्या कामात मला एक गोष्ट पक्की कळली होती. खोकल्याचं औषध गोड आणि गुळगुळीत केलं तर माणूस म्हणतो, याने काही होत नाही. तेच घशाला जरा चटका देईल असं केलं, की बाटली उघडल्या उघडल्या त्याला बरं वाटायला लागतं. नशेचंही अर्धं तसंच असणार, असा माझा अंदाज होता. घसा जळला पाहिजे, नाकाला वास आला पाहिजे, ग्लास काचेचा आणि गार पाहिजे, आणि शेजारच्याला चढलेली दिसली पाहिजे. मग आत दारू असली काय, नसली काय.

ते दोन आठवडे मी तरुण झालो होतो. कारखान्यातून सुटलो की बागेत जायचो. पेट्या भरताना घडांचे जे सुटे मणी गळतात, ते बागायतदार टोपलीने देऊन टाकायचा. काळ्या द्राक्षांचे मणी सालीसकट उकळून रस काढला. तो नुसता गोड. तुरटपणासाठी त्यात काळ्या चहाचं पाणी घातलं. कडवटपणासाठी काडेचिराईत, तेही पहिल्या दिवशी इतकं जास्त झालं की बायकोने घोट घेतला आणि बेसिनकडे धावली. चटक्यासाठी मिरी, लवंग आणि सुंठीचा काढा. एक दिवस मिरी वाढवली, एक दिवस लवंग. कामावर जाताना स्कूटरवर एकदम सुचायचं, की सुंठ आधी घालून चुकतोय, ती शेवटी पाहिजे, आणि कामाला मारो गोळी म्हणून स्कूटर परत फिरवावीशी वाटायची. शेवटी गार सोडा ओतला की ते फसफसून वर यायचं आणि जिभेवर कडू, मग घशात गरम, मग पोटात ऊब. सगळं होतं. वास नव्हता.

तो हरसूलला सापडला. आठवडे बाजाराच्या दिवशी मी स्कूटर काढून तिकडे गेलो. एक म्हातारी मोहाची वाळलेली फुलं विकत बसली होती, मागच्या उन्हाळ्यातली, मनुकांसारखी सुरकुतलेली. मी नाकाशी नेली आणि मला तिथेच हसू आलं.

“गाळाया नेतो का, दादा?”

“नाही आजी. सरबत करायचंय.”

ती शेजारणीकडे वळली. “आयकलास का? नाशिकचा माणूस मोहाचा सरबत करतो.” आणि दोघी पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की मला जास्तीचं ओंजळभर मिळालं.

ती फुलं कोमट पाण्यात भिजवायची, आंबायच्या आत गाळायची. दारूचा थेंब नाही आणि वास मात्र असा, की पातेल्याचं झाकण उघडलं तर शेजारचे दार लावून घेतील. पहिल्यांदा ते रसात मिसळून मी बायकोला ग्लास दिला. तिने एक घोट घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “खरं सांगा, काय घातलंय?” त्या क्षणी मला जो आनंद झाला तो पगारवाढीलाही झाला नव्हता.

रंगासाठी मास्तर रोज यायचे. मीच बोलावलं होतं. ग्लास खिडकीसमोर धरून ते बघायचे. “जांभळा नको. संध्याकाळी गच्चीवर काळा दिसेल. लालाकडे न्या.” मग आम्ही आमसुलाचं पाणी घातलं. ते चमच्याने ढवळायचे आणि मी थेंबाथेंबाने ओतायचो. येता जाता लोक खिडकीतून बघत आणि म्हणत, “काय मास्तर, राष्ट्रीय गुपित शिजतंय का?” मोहाचं भांडं मात्र मी झाकून ठेवायचो. ती माझी गंमत होती.

स्वातंत्र्यदिनाच्या आधी दोन दिवस त्यांनी ते झाकण उचललं. वास घरभर झाला.

“हे काय?”

“हरसूलचं.”

“म्हणजे ती?”

“तीच,” मी म्हणालो. “पहिल्या धारेची.”

“आणि आजोबा?”

“त्यांचं मी बघतो. तुम्ही कुठे बोलू नका.”

गंमत म्हणूनच बोललो होतो, लगेच हसून खरं सांगणार होतो. पण मास्तर स्टुलावर बसले आणि बराच वेळ हातातला चमचा पुसत राहिले.

“मी कधी घेतलेली नाही,” ते म्हणाले. “त्या दिवशी मला जरा जास्त द्याल?”

“का हो?”

“एकाजणाशी बोलायचंय. शुद्धीत माझं तोंड उघडत नाही. घेतलेली असली आणि त्यांना नाही आवडलं, तर म्हणता येईल ना, घेतली होती म्हणून. त्यांनाही म्हणता येईल आणि मलाही. मग जिन्यात भेटलो तर कोणाला खाली बघायला नको.”

कोण, ते मी विचारलं नाही. जिन्यात बादल्या घेऊन मी मागे होतोच.

मी म्हणालो, “देतो. भरपूर देतो.”

ते गेल्यावर बायको आतल्या खोलीतून बाहेर आली. “त्यांना खरं सांगून टाका.”

“सांगितलं तर ते बोलणारच नाहीत. विश्वासानेच चढेल त्यांना. औषधाचंही असंच असतं.”

“औषध कंपनीत ठेवा तुमचं. ते बिचारे तुमच्या भरवशावर उभे राहणार.”

“एकदा बोलून झाले की मी स्वतः त्यांना सांगेन. हसतील तेही.”

यात माझा हेतू वाईट नव्हता, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलोय. नव्हताच. पण निम्मा हेतू हा होता, की माझं पेय त्या सगळ्यात अवघड माणसावर चालतं का ते मला बघायचं होतं.

स्वातंत्र्यदिन रविवारी होता; ऊन उतरल्यावर सगळे गच्चीवर जमले. मांडववाल्याकडून काचेचे ग्लास आणले होते, मोठं पातेलं बर्फाच्या टबात ठेवलं होतं. झेंडा टाकीच्या पाइपला बांधला. पांडवलेण्यांच्या डोंगरामागे सूर्य गेला आणि ग्लासातला रंग मास्तर म्हणाले होते तसाच दिसला, पेटलेल्या कोळशासारखा. सुभेदार ताठ उभे राहिले, ग्लास उचलला आणि म्हणाले, “हद्दपूर अमर राहो.” एका घोटात रिकामा. मग डोळे मोठे झाले. खोकला दाबत माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “आरोग्यमंत्री, ही कुठली? कॅन्टीनला असली नाही मिळत.”

मी फक्त बर्फ घातला.

दुसऱ्या ग्लासाला गच्ची बदलायला लागली. तळमजल्यावरच्या शेजाऱ्याने सुभेदारांच्या खांद्यावर हात टाकून सांगितलं, की स्कूटर तो मुद्दाम वाटेत लावतो. सुभेदार म्हणाले, मला माहीत आहे, आणि दोघं मिठी मारून उभे राहिले. एक वहिनी दर दोन मिनिटांनी सांगत होत्या, मला काही होत नाहीये, आणि दर वेळी भिंतीला हात लावून बघत होत्या. आजोबांनी तिसरा ग्लास मागितला. “छान आहे हो. याने पाय हलके होतात का?” ते म्हणाले आणि लहानपणी गुरुजींची टोपी विहिरीत कशी टाकली ते सांगायला लागले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं. मी पातेल्यामागे उभा होतो, हातात पळी, आणि माझे पाय जमिनीवर नव्हते. दारूचा एक थेंब नाही. द्राक्षं, मिरी आणि वाळलेली फुलं यांनी मी एक अख्खा देश झुलवला होता.

मास्तरांना मी चार ग्लास दिले. प्रत्येक वेळी डोळा मिचकावला. चौथा संपवून ते उठले आणि ताई बसल्या होत्या तिथे जाऊन उभे राहिले. आवाज हळूच होता, पण गच्ची एकदम शांत झाल्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

“ताई म्हणणार नाही मी आज,” ते म्हणाले. “मला तुमच्याशी लग्न करायचंय. घरात मी एकटा असतो. आजोबांना वेगळं ठेवायचं माझ्या मनात नाही, ते आपल्याकडेच राहतील. तुम्ही पोस्टातून येता तेव्हा मी खिडकीत असतो. रोज असतो. एवढंच.”

मग सुभेदार म्हणाले, “मास्तर, बसा. चढलीय तुम्हाला.” हशा पिकला, पण तो मऊ होता, सांभाळून घेणारा. आजोबा हात हलवून म्हणाले, “जाऊ द्या. घेतलेल्या माणसाचं काय धरायचं?” आणि ताईंनी तांब्यातून पाणी ओतलं, ग्लास मास्तरांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, “पाणी प्या. उद्या बोलू.”

उद्या बोलू. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, मला स्वच्छ ऐकू आलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांचे कान लाल झाले होते. मास्तर पाणी प्यायले आणि जिना नीट उतरून गेले. रात्री मी बायकोला म्हणालो, “बघितलंस? लागू पडलं.”

सकाळी टँकर आला. मी खाली उतरलो तर रांग मोडलेली होती आणि मधोमध आजोबा उभे होते, ओल्या केसांनी. मास्तरांना चढली, म्हणजे त्याच पातेल्यातली आपणही प्यायलो, हे त्यांना रात्री उमगलं होतं आणि पहाटेच ते गोदावरीवर स्नान करून आले होते. मला बघून ते पुढे आले.

“आयुष्यात शिवलो नाही मी. तुम्ही फसवून पाजलीत. या वयात. माझ्या सुनेला, आयाबायांना. तुमच्या पोरखेळासाठी.”

लोक माझ्याकडे बघत होते. दोघातिघांनी मान हलवली. कमिटीतून काढा, असंही कोणीतरी म्हणालं. रात्रीचा राजा मी, सकाळी गुन्हेगार झालो होतो. आणि माझ्या हातात हुकमाचं पान होतं.

“आजोबा,” मी म्हणालो, “थेंबभरही नव्हती त्यात.”

आणि मग मी थांबलोच नाही. द्राक्षाचे मणी, चहाचं पाणी, काडेचिराईत, हरसूलची म्हातारी, सगळं सांगितलं. मोहाचा फक्त वास कसा उतरवला ते हातवारे करून सांगितलं. सुभेदार कपाळावर हात मारून हसायला लागले. “म्हणजे मी काढा पिऊन त्याला मिठी मारली?” भिंत धरणाऱ्या वहिनींना सगळ्यांनी चिडवलं. टँकरचं पाणी सांडत होतं आणि टाळ्या पडत होत्या. आजोबांचा चेहरा सैल झाला. त्यांनी हात जोडले. मग त्यांचे हात तसेच थांबले.

“म्हणजे काल मास्तर शुद्धीत होते?”

हसणं विरलं.

“त्यांना माहीत असणारच,” कोणीतरी म्हणालं. “रोज यांच्या स्वयंपाकघरात तेच ढवळत होते.”

“म्हणजे सोंग,” दुसरा म्हणाला.

“चारचौघांत माझ्या सुनेचा तमाशा,” आजोबा म्हणाले, “आणि वर दारूचं नाव.”

ताई रांगेतच होत्या, हातात रिकामी कळशी. आणि मास्तर जिन्याच्या दाराशी येऊन पोचले होते, बादल्यांसकट. धुतलेला शर्ट घातला होता. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“मला वाटलं होतं, आहे,” ते म्हणाले.

“अहो मास्तर, तुम्हीच तर बनवलंत,” कोणीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा झाला. हा हशा रात्रीसारखा मऊ नव्हता.

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. ते वाट बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं मला: मीच त्यांना आहे म्हणून सांगितलं होतं. बस. पण ते बोललो असतो तर आत्ताच मला हात जोडणाऱ्या आजोबांना कळलं असतं, की मी एका सरळ माणसाला फसवलं होतं. टाळ्या अजून माझ्या कानात होत्या. आजोबांनी मला विचारलं, “त्यांना माहीत होतं ना?”

मी म्हणालो, “आता ते मी कसं सांगणार?”

ताईंनी कळशी न भरताच उचलली आणि आत गेल्या. मास्तरांनी बादल्या भरल्या. त्यांच्या पुढे कोणी नव्हतं, सगळे बाजूला झाले होते.

बायकोला कळलं तेव्हा ती कणीक मळत होती. “आडोशाला म्हणून उभे राहिले होते ते,” ती म्हणाली, “आणि तुम्ही आडोसाच काढून घेतलात. आत्ता जा. आजोबांकडे जा.” मी म्हणालो, जरा शांत होऊ दे. दोन दिवसांनी ती म्हणाली, मी जाते. मी तिला शपथ घातली, मीच सांगतो म्हणून. तिने वाट बघितली. ताईंनी सिन्नरच्या पोस्टात बदली मागून घेतली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोबांना घेऊन तिकडे राहायला गेल्या. शाळा सुरू व्हायच्या सुमारास मास्तरांनी पेठकडच्या एका आश्रमशाळेत नोकरी धरली. जे शांत व्हायची मी वाट बघत होतो, ते सगळं शांत झालं होतं.

पेय मात्र गाजलं. हळदीला, बारशाला, लोक मला बोलावून न्यायचे. मी जायचो. काढा उकळताना मला अजूनही तीच हुक्की यायची, हे लपवून काय उपयोग. काही वर्षांनी हद्द सरकली, आम्ही शहरात आलो, नळ आले आणि हद्दपूर संपलं. लोकांनी त्याचीही पार्टी माझ्याच पेयाने केली. त्या पार्टीतही कोणीतरी मास्तरांची नक्कल करून दाखवली. मी ग्लास भरत होतो.

एकदा मी एसटीने सिन्नरला गेलो. पोस्टात रांगेत उभा राहिलो. ताईंच्या केसात पांढरं दिसत होतं. मला बघून त्या चकित झाल्या, मग नीट हसल्या. “काकू कशा आहेत? इकडे कसे आलात?” आजोबा त्याच वर्षी गेले होते, ते त्यांनी सांगितलं. माझ्या मागे एक बाई मनिऑर्डर घेऊन उभी होती. मी दहा पोस्टकार्डं घेतली आणि परत आलो.

मास्तर मला शेवटचे भेटले ते नाशिकच्या बसस्टँडवर, बऱ्याच वर्षांनी. निवृत्त झाले होते. मीच त्यांना आधी बघितलं आणि क्षणभर खांबामागे सरकलो. पण त्यांनी हाक मारली आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला. तब्येत विचारली, बायकोची विचारली. आश्रमशाळेतली मुलं भिंतीवर किती सुंदर चित्रं काढतात ते सांगितलं. लग्न केलं नव्हतं. तेव्हा ते इतक्या मोकळेपणाने बोलत होते, की मला वाटलं आता सांगावं. तेवढ्यात पेठची गाडी लागली. त्यांची पिशवी मी वर चढवून दिली, मग खाली येऊन त्यांच्या खिडकीखाली उभा राहिलो. वाक्य तयार होतं. मास्तर, त्या सकाळी तुम्ही माझ्याकडे बघत होता आणि मला सगळ्यांदेखत सांगायचं होतं, की तुम्ही खोटं बोलत नाही, तुम्हाला मीच फसवलंय. मी माझी टाळी वाचवली. ताई उद्या बोलू म्हणाल्या होत्या, तो तुमचा उद्या मी घेतला. मला माफ करा. कंडक्टरने घंटी दिली. मास्तर खिडकीतून वाकले, त्यांना वाटलं मी काहीतरी म्हणालो.

“काय म्हणालात?”

“जागा नीट मिळाली ना?”

“मिळाली,” ते म्हणाले.